‘कादंबरी’ ह्या नांवाचा विचार

एखादा शब्द नित्याच्या वापरांतला झाला म्हणजे त्याच्या मूळ अर्थाकडे कोणी पाहत नाहीं. ‘कादंबरी’ हा शब्द अशांपैकींच आहे. ग्रंथालयाच्या कपाटावर, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेंत, मासिकांतल्या परीक्षणांत तो आपण वारंवार वाचतों; परंतु हा शब्द आधीं एका संस्कृत ग्रंथाचें नांव होता, त्या ग्रंथांत तो नायिकेचें नांव आहे, आणि त्याच्याहि पूर्वीं तो एका मद्याचें नांव होता, ही गोष्ट वाचतांना फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं.

मध्यंतरीं कांहीं साहित्यप्रेमी मित्रांच्या बैठकींत एका अभ्यासू गृहस्थांनीं ह्या शब्दावर दोन आक्षेप घेतले. पहिला आक्षेप असा कीं, एका विशिष्ट ग्रंथाचें नांव एका सबंध वाङ्मयप्रकाराला देणें हा तर्कदृष्ट्या प्रमाद आहे. उद्यां कोणी सर्व नाटकांना ‘शाकुंतलें’ म्हणूं लागला तर आपण हसूं, मग येथें कां हसत नाहीं? दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. ज्या प्रकाराचें काम माणसाचें खरें जीवन दाखविणें, त्याला आपण एका गंधर्वकन्येचें आणि मद्याचा वास असलेलें नांव दिलें. मग पहिल्या पिढीच्या लेखकांनीं वाचकांना गुंगविण्याचाच उद्योग केला ह्यांत नवल काय? ह्याकरितां हा शब्द टाकावा आणि एखादा निर्मळ शब्द घ्यावा, असा त्यांचा अभिप्राय पडला.

हें भाषण ऐकून आम्हांस आनंद व्हावयास पाहिजे होता. कारण दुसरा आक्षेप आम्ही स्वतः वर्गांत पुष्कळ वर्षें सांगत आलों आहों, आणि अनेक विद्यार्थ्यांच्या वह्यांत तो आमच्याच शब्दांत उतरलेला असेल. परंतु आपलेंच मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलें म्हणजे त्यांतला पोकळपणा कधीं कधीं लवकर कळतो. घरीं आल्यावर आम्हीं कोश चाळले, बाणभट्टाचा ग्रंथ पुनः काढून वाचला, आणि आमचें मत आम्हांस बदलावें लागलें. तें कां बदललें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम शब्द पाहूं. ‘कादंबरी’चें मूळ कदंब वृक्षांत आहे. हा वृक्ष पावसाळ्यांत फुलतो व त्याला चेंडूसारखीं गोल फुलें येतात. त्या फुलांपासून काढलेल्या मद्याला ‘कादंबरी’ म्हणत. कदंबाच्या ढोलींत सांचलेल्या आणि फुलांतला मध उतरलेल्या पावसाच्या पाण्यालाहि तेंच नांव होतें. विष्णुपुराणांतली कथा प्रसिद्ध आहे: वारुणी कदंबाच्या ढोलींत येऊन राहिली, बलरामानें ती प्राशन केली, आणि त्या धुंदींत त्यानें यमुनेला नांगरानें ओढून आपल्याकडे आणलें. मद्याखेरीज ह्या शब्दाचे आणखीहि अर्थ कोशकार देतात. कोकिळा ही कादंबरी, साळुंकी ही कादंबरी, आणि सरस्वतीचेंहि एक नांव कादंबरीच. म्हणजे मद्य, बोलका पक्षी आणि प्रत्यक्ष वाग्देवता एवढीं सर्व ह्या एका शब्दांत नांदत होतीं. हा शब्द ‘मद्य’ ह्या एकाच अर्थाला बांधून टाकून त्यावर खटला चालविणें मुळांतच अर्धवट आहे.

आतां ग्रंथाकडे येऊं. बाणभट्ट हा हर्षवर्धनाच्या पदरचा. हर्षाचा राज्यकाल इ. स. ६०६ ते ६४७. जुन्या साहित्यशास्त्रांत गद्यकथेचे दोन भेद केलेले आहेत: जिचा विषय घडलेला व लोकांना ठाऊक असतो ती आख्यायिका, आणि जी कवीनें कल्पनेनें रचिलेली ती कथा. अमरसिंहानें हा भेद कोशांत नोंदला. दंडीनें तो फोल ठरविला. बाणानें वादांत न पडतां दोन्ही लिहून दाखविल्या. ‘हर्षचरित’ ही त्याची आख्यायिका व ‘कादंबरी’ ही कथा. ही कथा पुरी होण्यापूर्वींच तो निवर्तला आणि उत्तरभाग त्याचा पुत्र भूषणभट्ट ह्यानें लिहून पुरा केला.

ह्या कथेचें बीज मात्र बाणाचें नव्हे. तें गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’तलें. मूळ पैशाची ग्रंथ आज नाहीं. परंतु अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें त्याचें ‘कथासरित्सागर’ हें संस्कृत रूप केलें, त्यांत ही कथा सांपडते. तेथेंहि राजसभेंत पोपट घेऊन येणारी निषादकन्या आहे, तेथेंहि सरोवराकांठीं तप करणारी विरहिणी आहे. परंतु बाणाच्या कादंबरीच्या जागीं तेथें जी नायिका आहे तिचें नांव मकरंदिका! म्हणजे ‘कादंबरी’ हें नांव परंपरेनें आलेलें दिसत नाहीं. तें बाणानें हेतुपुरस्सर निवडलेलें दिसतें. शिवाय ह्या नायिकेच्या आईचें नांव त्यानें ‘मदिरा’ असें ठेवलें आहे, तेव्हां श्लेष त्याच्या मनांत होता ह्याविषयीं शंकेला जागाच राहत नाहीं. भूषणभट्टानेंहि उत्तरभागाच्या आरंभीं, ह्या कादंबरीच्या रसानें सगळे लोक इतके मत्त झाले आहेत कीं आपण जोडलेल्या भागाचें बरेंवाईट त्यांना कळणार नाहीं, अशा अर्थाचें कांहीं लिहून तोच श्लेष पुढें चालविला आहे.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. परंपरा गुणाढ्याला सातवाहनाच्या सभेंत, प्रतिष्ठानास, म्हणजे आमच्या पैठणास बसविते. ती खरी धरली तर गोदातीरीं सांगितलेली एक गोष्ट उत्तरेकडे गेली, हर्षाच्या सभेंतल्या कवीनें तिला नवें नांव दिलें, आणि बाराशें वर्षांनंतर तें नांव मराठींत एका सबंध वाङ्मयप्रकाराला येऊन चिकटलें. परक्याचें म्हणून हें नांव टाकूं पाहणाऱ्यानें एवढा प्रवास तरी ध्यानांत घ्यावा.

आतां पहिला आक्षेप. विशेषनामाचें सामान्यनाम होणें हा भाषेचा प्रमाद असेल तर तो प्रमाद भाषा रोज करते. घरांतल्या भांडणाचें ‘महाभारत’ होतें, पाल्हाळाचें ‘रामायण’ होतें, आणि त्यांत व्यास-वाल्मीकींचा अवमान झाला असें कोणास वाटत नाहीं. वाङ्मयांतलेंच उदाहरण हवें असेल तर ‘गीता’ आहे. श्रीकृष्णानें अर्जुनाला सांगितली ती एक गीता. पण तिच्यामागून गणेशगीता, शिवगीता, रामगीता अशी मालिकाच निघाली आणि ‘गीता’ हें एका प्रकाराचें नांव झालें. एखाद्या कृतीचा ठसा एवढा खोल उमटतो कीं तिच्यासारखें जें जें पुढें येईल त्याला लोक तिच्याच नांवानें हांक मारतात. ‘शाकुंतला’च्या बाबतींत तसें झालें नाहीं, कारण ‘नाटक’ हा शब्द आधींच तयार होता. दीर्घ गद्यकथेला मात्र लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव आपल्याकडे नव्हतें, आणि शेजारच्या भाषांतहि नव्हतें.

ह्या शेजाऱ्यांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. गुजरातीनें ‘नवलकथा’ हा शब्द केला; इंग्रजी ‘नॉव्हेल’चा ध्वनि आणि देशी ‘नवल’चा अर्थ दोन्ही त्यांत साधले आहेत, व चातुर्याच्या दृष्टीनें सर्वांत पहिलें पारितोषिक ह्यालाच द्यावें लागेल. बंगालीनें व तिच्यामागून हिंदीनें ‘उपन्यास’ घेतला. संस्कृतांत त्याचा अर्थ जवळ ठेवणें, मांडणें, प्रस्ताव करणें. कानडींत तर उपन्यास म्हणजे व्याख्यान. (कांहीं बोधपर कथा वाचतांना हे दोन्ही अर्थ एकत्र आल्याचा भास होतो, ही गोष्ट निराळी.) बाणाचें नांव पत्करलें तें मराठीनें आणि कानडीनें. कानडींत नागवर्म्यानें सुमारें हजार वर्षांपूर्वीं बाणाच्या ग्रंथाचें चंपूरूप केलें होतें, त्यामुळें तेथें हा शब्द अपरिचित नव्हता.

युरोपांतल्या भाषांची स्थिति ह्याहून सुव्यवस्थित आहे असें कोणी समजूं नये. फ्रेंच व जर्मन ज्याला ‘रोमां’, ‘रोमान’ म्हणतात, तो शब्द मुळांत लॅटिन सोडून लोकभाषेंत सांगितलेल्या कथेचा. त्यांत विषयाचा कांहींच निर्देश नाहीं. इंग्रजी ‘नॉव्हेल’ हा इटालियन ‘नोव्हेल्ला’वरून आलेला. नोव्हेल्ला म्हणजे नवी गोष्ट, ताजी बातमी, आणि तीहि आटोपशीर. डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालीं कोश प्रसिद्ध केला तेव्हां ‘नॉव्हेल’चा अर्थ त्यानें लहानशी, बहुधा प्रेमविषयक, गोष्ट असा दिला, आणि त्यापूर्वींच रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ व फील्डिंगचा ‘टॉम जोन्स’ हे जाडजूड ग्रंथ इंग्लंडांत घरोघर वाचले जात होते! खुद्द फील्डिंगला १७४२ सालीं आपल्या ग्रंथाचें वर्णन गद्यांतलें विनोदी महाकाव्य असें करावें लागलें. तात्पर्य, हा वाङ्मयप्रकार सर्वत्र आधीं जन्मला आणि त्याचें बारसें मागाहून, हाताशीं सांपडलेल्या शब्दानें झालें. अंगाबरोबर बसेल असें नांव कोणासच मिळालें नाहीं.

दुसरा आक्षेप असा झटकून टाकतां येत नाहीं. आमचें जुनें मत ह्याच आक्षेपावर उभें होतें, आणि त्याला इतिहासाचा आधारहि दिसतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. अद्भुत योगायोग, अलौकिक सौंदर्य, ताटातूट व शेवटीं पुनर्मीलन, ही त्या काळची ठराविक सामग्री; आणि बाणाच्या गंधर्वलोकाशीं तिचें नातें लावावयाला फारशी खटपट पडत नाहीं. ह्यावरून आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असूं कीं, नांव जसें तसा माल.

परंतु सालें नीट मांडलीं म्हणजे ही उपपत्ति टिकत नाहीं. बाबा पदमनजी ह्यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचें. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत पहिल्या मराठी कादंबरीचा मान सामान्यतः त्याला दिला जातो, आणि त्याचा विषय हिंदु विधवांची स्थिति हा आहे. त्यांत मिशनऱ्यांच्या पद्धतीचा उपदेश आहे, कलेच्या दृष्टीनें तें कच्चें आहे, हें सर्व मान्य. पण त्यांत गुंगी कोठेंच नाहीं. मग वास्तवानें आरंभ झालेला प्रकार चार वर्षांत अद्भुताकडे कां वळला? नांवानें वळविला म्हणावें, तर नांव तरी पुरतें कोठें ठरलें होतें? काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनीं १८७२ सालीं ह्या विषयावर निबंध लिहिला त्याच्या शीर्षकांत ‘नावल’ हा शब्द आहे, ‘कादंबरी’ नाहीं. ‘मुक्तामाला’ निघून अकरा वर्षें झालीं तरी दोन्ही शब्द बाजारांत होते. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं १९०२ सालीं ‘कादंबरी’ ह्याच शीर्षकाचा निबंध लिहिला, तोंपर्यंत निकाल लागलेला होता.

खरें कारण रिसबुडांनींच ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेंत देऊन ठेवलें आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आपल्या लोकांतल्या विवाहादि चालीरीती पाहतां आणि त्यांच्या जीवनांत साहसाचा अभाव पाहतां, रोजचे प्रसंग जसेच्या तसे लिहिले तर तें पुस्तक मनोरंजक होणें नाहीं. म्हणून अद्भुताचा आश्रय करणें भाग. हें विधान ज्यानें एकदां वाचलें त्याला शब्दाच्या व्युत्पत्तींत दोष शोधण्याचें कारण उरत नाहीं. आठव्या-दहाव्या वर्षीं ज्या मुलीचें लग्न होतें आणि पुढें जिचें जग माजघर व विहीर एवढेंच राहतें, तिच्या आयुष्यांत लिहिण्यासारखें काय असणार? ही त्या पिढीची प्रामाणिक समजूत होती, आणि दोष असेल तर तो ह्या समजुतींत होता.

ह्या समजुतीला उत्तर मिळालें तें हरिभाऊ आपट्यांकडून. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांत १८९० सालापासून क्रमशः येऊं लागली आणि १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. रिसबुडांनीं जी जमीन नापीक म्हणून सोडून दिली, नेमकी तीच हरिभाऊंनीं कसली. बालपणींचें लग्न, सासर, नवऱ्यानें लिहावाचावयास शिकविणें, मुंबईचे थोडेसे सुखाचे दिवस, वैधव्य, आणि बळजबरीनें झालेलें केशवपन. ह्यांतली एकहि गोष्ट त्या काळच्या वाचकाला अपरिचित नव्हती. ती यमू स्वतःच्या तोंडानें सांगते, एवढेंच काय तें नवें. आणि वाचक पुस्तक खालीं ठेवूं शकत नाहीं. ‘यमुनापर्यटना’च्या नायिकेचें नांवहि यमुनाच, मध्यें सुमारें पस्तीस वर्षें गेलीं, विषय तोच राहिला आणि त्याला वाणी मिळाली.

आमच्या मुद्द्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा एवढा पालट घडवितांना नांव बदलण्याचें कारण पडलें नाहीं. ‘मंजुघोषा’हि कादंबरी आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ हीहि कादंबरी. त्यानंतर केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०), विश्राम बेडेकरांचें ‘रणांगण’ (१९३९), नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) असे एकमेकांशीं कसलेंहि साम्य नसलेले ग्रंथ ह्याच नांवाखालीं आले. नेमाड्यांनीं १९८० सालच्या आपल्या निबंधांत मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ति सांगितल्या. त्यांचे उगम ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ व ‘मोचनगड’ (१८७१) हे तीन निरनिराळे ग्रंथ, पण नांव तिघांना एकच पुरलें. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मपत्रिकेंत लिहिलेला नसतो. लेखक तो पिढी दर पिढी कमावीत असतात. आजहि एखादी विलक्षण हकीकत ऐकली म्हणजे ‘हें सगळें कादंबरींत शोभण्यासारखें आहे’ असें आपण म्हणतों खरें; पण तो जुन्या अर्थाचा नुसता अवशेष आहे.

येथवर आम्हीं शब्दाचा बचाव केला. आतां बाणाच्या ग्रंथाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण आमची मोठी चूक तेथेंच होती. ‘कादंबरी’ म्हणजे समास, श्लेष आणि स्वप्नसृष्टि, असें आम्हीं ठरवून टाकलें होतें. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत वेबर ह्या जर्मन पंडितानें ह्या गद्याला जंगलाची उपमा दिली, ज्यांत वाटसरूला झाडी तोडीत पुढें जावें लागतें आणि शिवाय अवघड शब्दांचीं श्वापदें अंगावर येतात. ती उपमा आम्ही वर्गांत मोठ्या चवीनें सांगत असूं. ती अगदींच खोटी नाहीं. पण त्या जंगलांत काय घडतें हें आम्हीं सांगितलें नाहीं.

नायिका कादंबरी ही ग्रंथांत पुष्कळ उशीरां येते. त्याआधीं, आरंभालाच, विंध्याटवींतल्या एका जुनाट सांवरीच्या झाडावरचा प्रसंग आहे. शबरांची टोळी शिकार करून निघून जाते. एक म्हातारा शबर मागें राहतो, झाडावर चढतो, आणि ढोलींतलीं पोपटांचीं पिलें एकामागून एक ओढून, माना मुरगळून खालीं टाकतो. एक वृद्ध पोपट आपल्या पिलाला पंखाखालीं घेऊन बसलेला असतो. तोहि मारला जातो, आणि पिलूं त्याच्या पंखांत गुरफटलेलें तसेंच खालीं वाळल्या पानांवर पडतें. पंख फुटलेले नसलेलें तें पिलूं, बाप मेला असतांहि, जीव वांचविण्यासाठीं सरपटत निघतें आणि तहानेनें व्याकुळ होतें. पुढें तेंच ही हकीकत सांगतें, आणि बाप मेल्यावरहि आपल्याला जगावेंसें वाटलें ह्याची लाज त्याच्या शब्दाशब्दांत आहे. हें लिहिणाऱ्याला माणसाच्या मनाचें ज्ञान नव्हतें असें कोण म्हणेल?

दुसरा प्रसंग शुकनासाच्या उपदेशाचा. चंद्रापीडाला युवराजपदाचा अभिषेक व्हावयाचा आहे; वृद्ध मंत्री शुकनास भेटीस आलेल्या त्याला तारुण्य, रूप, सत्ता आणि लक्ष्मी ह्यांच्या मदाविषयीं सावध करतो. संस्कृत शिकलेल्या कित्येकांनीं ह्या ग्रंथाचा हा एवढाच भाग पाठ्यपुस्तकांत वाचलेला असतो. आम्हींहि तो किती तरी वेळां शिकविला. पण मद्याचें नांव धारण करणाऱ्या ग्रंथांतला सर्वांत विख्यात उतारा मदाविरुद्धचा आहे, ही साधी गोष्ट आमच्या लक्षांत आली नव्हती. बाणानें नांव ठेवतांना गुंगीचें वचन दिलें आणि आंत शुद्धीवर आणणारा माणूसहि बसविला. तेव्हां ‘नांव जसें तसा माल’ हा आमचा सिद्धांत खुद्द मूळ ग्रंथालाच लागू पडत नाहीं.

ह्या दोन प्रसंगांवरून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, हें नांव मराठी कादंबरीला अजाणतां मिळालें तरी तें तिला शोभण्यासारखें आहे. चांगली कादंबरी वाचकाला धरून ठेवते. त्याचें ताट वाढून ठेवलेलें थंड होतें आणि त्याला कळत नाहीं. पण पुस्तक मिटल्यावर तो आपल्या घराकडे, आपल्या माणसांकडे अधिक जागेपणानें पाहूं लागला पाहिजे. नुसतें धरून ठेवणारीं पुस्तकें पुष्कळ निघतात व विसरलीं जातात. नुसतें जागें करूं पाहणारीं पुस्तकेंहि निघतात. तीं वाचकाला धरूंच शकत नाहींत, म्हणून त्यांचें जागें करणेंहि वायां जातें. ‘यमुनापर्यटना’चा विषय थोर असून तें अभ्यासकांपुरतें उरलें, ‘मंजुघोषा’ रंजक असून ती इतिहासांत जमा झाली, आणि यमूची कहाणी वाचतांना आजहि डोळे ओले होतात, ह्याचें कारण हेंच.

असो. शब्द बदलल्यानें वाङ्मय सुधारत नाहीं, आणि वाईट लेखनाचा दोष कोशावर घालणें ही टीकाकाराची पळवाट आहे. ती पळवाट आम्हींहि पुष्कळ वर्षें वापरली, हें वर कबूल केलेंच आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या दृष्टीस हा लेख पडला आणि त्यांची वही अजून शाबूत असली, तर ‘कादंबरी’ ह्या शब्दाखालचें आमचें टिपण त्यांनीं खोडावें, आणि तेथें त्या पोपटाच्या पिलाची हकीकत लिहून ठेवावी.